लाकडी पेनाचा भाव कसा काढावा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

लेथवर लाकडी पेन करणाऱ्यांची पत्रे या महिन्यात बरीच आली. बहुतेकांची तक्रार एकच आहे: पेन खपतात, पण पैसा दिसत नाही. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. हिशेबातले भाव उदाहरणादाखल धरले आहेत. तुमच्या वखारीचा आणि तुमच्या किटवाल्याचा भाव घालून तेच आकडे पुन्हा मांडा. (किट म्हणजे ठोकळ्यात घालायच्या पितळी नळ्या, टोक, फिरकी अशा पेनाच्या सुट्या भागांचा संच.)

प्रश्न : मी सागवानाचे स्लिमलाइन, म्हणजे बारीक अंगाचे, पेन करतो. किट १५० रुपयांना पडते, लाकूड धरून १६५. पेन ३०० ला विकतो, म्हणजे दर पेनामागे १३५ सुटायला हवेत. तरी पुढची किट घ्यायला दर वेळी खिशात हात घालावा लागतो. हिशेब कुठे चुकतो?
– एक वाचक, नाशिक

तुम्ही हिशेब केलाय तो लेथवर चढवलेल्या ठोकळ्याचा. विकला जातो तो मात्र शेवटपर्यंत धड उतरलेला पेन. या दोघांमध्ये जे वाया जाते ती घट, आणि सोनार जशी घट धरल्याशिवाय भाव सांगत नाही तशी ती इथेही धरायला हवी.

आधी लाकूड. पेनाचा ठोकळा साधारण पाऊण इंच जाड, पाऊण इंच रुंद आणि पाच इंच लांब. एका घनफुटात १,७२८ घनइंच असतात, तेव्हा कागदावर सहाशेच्या वर ठोकळे निघतात. करवतीचे पाते दर कापाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, खाते. ते धरले की आकडा ४४० वर येतो. गाठी, तडे, पांढरे लाकूड आणि वाकड्या शिरा बाजूला काढल्यावर त्यातले साठ टक्के हाती लागले तरी चांगले, म्हणजे २६४. घनफूट ४,००० ला घेतले असेल तर ठोकळा १५ रुपयांना पडला. हा तुमचा आकडा बरोबर आहे, लाकडात तुम्ही चुकलेला नाही.

आता घट. समजा २० ठोकळे कामाला घेतले. दोन भोक पाडताना फुटले. एक लेथवर पटाशी अडकून उडाला. एक जोडणी करताना तडकला. हाती आले १६ पेन. लाकूड २० चे, म्हणजे ३०० रुपये. किट लागली १७, कारण जोडणीत तडकलेल्या पेनाचे सुटे भाग बहुधा कामातून जातात, त्याचे २,५५०. लेथवर उडालेल्याच्या फक्त पितळी नळ्या गेल्या, सुट्या नळ्यांची जोडी २० रुपये. राहिले किरकोळ सामान, ते एका ठोकळ्यामागे धरू. नळी चिकटवायचा डिंक ६ रुपये. वरच्या थरासाठी सुपर ग्लू १० रुपये, कारण बाटली संपण्याआधी निम्मी आतच घट्ट होते. पॉलिश पेपर १५० पासून ६०० पर्यंत पाच नंबरांचा: पूर्ण कागदाच्या एक इंची पट्ट्या १८ निघतात, कागद २५ चा असेल तर पट्टी दीड रुपयाच्या आत, पाच पट्ट्यांचे ७. मेण आणि कापड ३. वीज ४ धरा. अर्धा एचपीची मोटर पाऊण तास चालली तरी अर्ध्या युनिटच्या आतच खाते. एकूण ३०, वीस ठोकळ्यांचे ६००.

सगळे मिळून ३,४७० रुपये. भागिले १६. एका धड पेनाला नुसते सामान २१७ चे, १६५ चे नाही.

त्यात डबी आणि लेबल ४० रुपये घाला. लेथ आणि हत्यारे ४५,००० ची असतील आणि त्यांच्यावर दीड हजार पेन निघतील असे धरले तर पेनामागे ३० रुपये. झाले २८७. पेन विकला ३०० ला. सव्वा तासाच्या कामाला तुम्हाला १३ रुपये मिळाले, आणि पुढच्या खेपेत एखादा ठोकळा जास्त फुटला की तेही गेले.

मजुरी ठरवायला आम्ही एक साधे माप वापरतो: तुमच्या गावात चांगल्या सुताराचा रोज काय आहे? तो ९६० असेल तर तासाला १२०. वीस ठोकळ्यांना मिळून २० तास गेले आणि १६ पेन निघाले, तर पेनामागे सव्वा तास, म्हणजे १५० रुपये. खरा खर्च झाला ४३७. यावर नफा आणि विक्रीचा खर्च चढवल्यावर थेट गिऱ्हाइकाला हा पेन ६०० च्या खाली देऊ नये.

घट कमी करायची असेल तर आधी कुठली करायची तेही या हिशेबातून दिसते. भोक पाडताना फुटलेला ठोकळा १५ रुपये आणि चार मिनिटे खातो. जोडणीत तडकलेला पेन जवळपास २०० रुपये आणि वरचा एक तास खातो. म्हणून आधी जोडणी सुधारा. पेन दाबताना तडकतो त्याची दोन कारणे नेहमीची. एक, नळीच्या आत वाळलेला डिंक. चिकटवण्याआधी नळीचे तोंड कच्च्या बटाट्याच्या चकतीत दाबले की बूच बसते आणि डिंक आत जात नाही. डिंक वाळल्यावर बूच टोचून काढायचे आणि आतून बारीक गोल कानस फिरवायची. दुसरे, ठोकळ्याचे टोक नळीशी काटकोनात नसणे. टोक तासायच्या कटरला धार नसेल तर तो लाकूड कापत नाही, ओरबाडतो. मग भाग एका बाजूने आधी टेकतो आणि सगळा दाब त्या कडेवर येतो. स्लिमलाइनला तिथे लाकूड जेमतेम पाऊण मिलिमीटर उरलेले असते.

फिरकीचा भाग दाबतानाही घाई नको. खुणेच्या थोडा अलीकडे थांबा, रिफिल बसवा, फिरवून टोक किती बाहेर येते ते पाहा, मग केसभर दाबा. जास्त दाबला गेला तर टोक आत जातच नाही. तो भाग मागून ठोकून काढता येतो, पण बऱ्याचदा नळीसकट.

भोक पाडतानाची घट तर जवळपास फुकटात घालवता येते. ठोकळा दहा मिलिमीटर जास्त लांब ठेवा, ७ मिलिमीटरचे ड्रिल दर सेंटीमीटरला बाहेर काढून भुसा झाडा, आणि आरपार न जाता थांबून टोक करवतीने उडवा. ड्रिल पलीकडे बाहेर पडतानाच लाकूड फुटते. ते बाहेरच पडले नाही तर फुटणार काय?

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याच्या पाडकामातून सागवानी चौकटी आणि कड्या मिळाल्या. लाकूड फुकट असल्याने पेन स्वस्त द्यावा, असे घरचे म्हणतात.
– एक वाचक, कोल्हापूर

घरच्यांना सांगा, फुकट मिळाले ते झाड, ठोकळा नाही.

जुन्या चौकटीत खिळे असतात, आणि निम्मे वरून दिसत नाहीत. डोके तुटलेला खिळा आत गंजून बसतो, वर काळा डाग तेवढा राहतो. तो करवतीच्या पात्याला लागला की कार्बाइडचे दात गेले. म्हणून आधी चांगले लोहचुंबक सर्व बाजूंनी फिरवा आणि काळ्या डागाभोवतीचे इंचभर लाकूड सरळ टाकून द्या. वरचा रंग आणि तेलकट थर रंध्याने काढताना रंध्याचे पाते लवकर बोथट होते. वाळवीने आतून पोखरलेला भाग कापल्यावरच कळतो. एवढे सगळे होऊन चौकटीतून निम्मे लाकूड कामाला आले तर समाधान माना. काप, निवड आणि धार यांचा वेळ मोजला तर हा ठोकळा वखारीतल्या ठोकळ्याइतकाच, कधी जास्तही पडतो.

हिशेबात या लाकडाला आजचा बाजारभावच लावा. चौकटी संपतील तेव्हा वखारीतूनच घ्यायचे आहे, आणि तोवर गिऱ्हाइकाला स्वस्ताची सवय लागलेली असेल. उलट, वाड्याचे गाव आणि साल खात्रीने माहीत असेल तर डबीत तशी चिठ्ठी घालून १०० ते १५० रुपये जास्त घ्यायला हरकत नाही. साल माहीत नसेल तर ‘शंभर वर्षांपूर्वीचे’ असे अंदाजाने छापू नका.

गिऱ्हाईक स्वतःचे लाकूड घेऊन आले, म्हणजे आजोबांच्या खाटेचा पाय किंवा देव्हाऱ्याची फळी, तर भाव लाकडाचा कमी करायचा १५ रुपये, बाकी सगळा तसाच. एका पेनासाठी किमान तीन ठोकळ्यांचे लाकूड मागून घ्या. आणि ‘काम करताना लाकूड फुटू शकते, ते भरून देता येणार नाही’ हे लिहून त्यावर सही घ्या. खाटेचा तो पाय दुसरा मिळणार नसतो.

प्रश्न : पावसाळ्यात केलेले पेन डिसेंबरात तडकून परत येतात. बदलून द्यावे लागतात. हा खर्च भावात कसा धरावा?
– एक वाचक, चिपळूण

थोडा धरा, पण आधी कारण घालवा. दिवाळीच्या ऑर्डरीसाठी सगळे जुलै-ऑगस्टमध्ये कामाला लागतात. कोकणात त्या वेळी उघड्या लाकडात सोळा-अठरा टक्के ओल असते. हाच पेन कोरड्या हवेत, एसीच्या ऑफिसात गेला की लाकूड सात-आठ टक्क्यांवर येऊ पाहते. लाकूड आडवे आकसते. आतली पितळी नळी आकसत नाही. मग कुठेतरी शिरेच्या दिशेने उभी चीर पडणारच. सागवान यात बरेच सोशिक आहे. शिसव आणि बाभूळ घट्ट, म्हणून दिसायला झकास, पण चीर त्यांनाच आधी जाते.

ओल मोजायला महागडे यंत्र नको. एक दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. एकाच फळीतले ठोकळे कापल्यावर त्यातला एक बळी द्या: वजन करा, ओव्हनमध्ये १०० अंशांच्या किंचित वर ठेवा, वजन उतरायचे थांबेपर्यंत दर काही तासांनी मोजत राहा. ३२ ग्रॅमचा ठोकळा २८ वर थांबला, तर गेलेले ४ ग्रॅम भागिले २८, म्हणजे ओल १४ टक्क्यांच्या थोडी वर. दहाच्या खाली आल्याशिवाय नळी घालू नका. बाकीचे ठोकळे सुकवायला बंद कपाट पुरते: वर-खाली हवेला भोके, तळाशी ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब, ठोकळे जाळीवर आणि बल्बपासून हातभर दूर. दहा दिवस अखंड चालला तर साडेचौदा युनिट. दहा रुपये युनिट धरले तर साठ ठोकळ्यांत अडीच रुपयांच्या आत पडते. हा आकडा सामानात घाला, बिनदिक्कत.

सुकलेले ठोकळे मोकळे ठेवले तर आठवडाभरात पुन्हा ओल धरतात. पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करा आणि लागतील तेवढेच काढा. सगळ्यांत बरे म्हणजे मे महिन्यातच कापून, सुकवून, डबे भरून ठेवणे. पैसा पाच महिने अडकतो, पण लाकडात अडकतो तो थोडा. किट मात्र ऑर्डर आल्यावरच घ्या.

आणखी एक जागा बहुतेक जण विसरतात. पेनाच्या अंगावर सुपर ग्लूचे सात-आठ हात देतात आणि टोके कोरीच राहतात. ओल आत-बाहेर जाते ती मुख्यतः टोकांतून. जोडणीआधी टोकाला पातळ ग्लूचा एक थेंब फिरवा आणि बारीक कागदावर एकदा सपाट करा, थर राहिला तर भाग नीट बसत नाही. पावसाळ्यात वरचा थर दुधाळ झाला तर तो खरवडून काढावाच लागतो; ओलसर हवेत थर जाड दिला किंवा वाळवणारा स्प्रे जास्त मारला की असे होते. थर पातळ द्या, थांबा, मग पुढचा. सागवानाला नळी सुटण्याची तक्रार वेगळी: त्याचे अंगचे तेल डिंकाला धरू देत नाही. भोकातून ॲसिटोनचा बोळा फिरवा आणि नळीला बाहेरून खरखरीत कागद मारा.

इतके करूनही काही पेन परत येतील. त्यासाठी प्रत्येक पेनामागे १० रुपये वेगळ्या डब्यात टाका आणि वर्षअखेर मोजा. डबा रिकामा झाला तर पुढच्या वर्षी १५.

प्रश्न : ‘सामानाच्या तिप्पट भाव’ हे सूत्र सगळीकडे सांगतात. ते बरोबर आहे का? आणि स्टेशनरीच्या दुकानदाराने ४० टक्के मागितले तर?
– एक वाचक, पुणे

तिप्पटीचे सूत्र मधल्या किमतीच्या किटला योगायोगाने जुळते, दोन्ही टोकांना फसते. ६० रुपयांचे किट घ्या. वरच्याच पद्धतीने घट धरून सामान १२१ पडते, तिप्पट ३६३. पण मजुरी, हत्यारे, डबी धरून खर्च आहे ३४१. बावीस रुपयांत विक्रीही करायची, नफाही काढायचा. उलट १,५०० रुपयांचे शाईच्या पेनाचे किट असेल तर सामान १,६६५ च्या आसपास जाते आणि सूत्र पाच हजार मागते. प्रत्यक्षात तुमचे काम वाढले अर्ध्या तासाने. त्या पेनाचा खर्च दोन हजारांच्या आत आहे. थेट विक्रीला २,३०० पुरतात. किट महाग झाले म्हणून तुमची घडणावळ महाग होत नाही. म्हणून सामान एका रकान्यात, घडणावळ दुसऱ्या आणि विक्रीचा खर्च तिसऱ्या रकान्यात मांडा. गुणाकार कुठेच नको.

दुकानदाराचे ४० टक्के हे विक्रीच्या किमतीवर असतात, तुमच्या किमतीवर नाही. तुम्हाला हातात ५०० हवेत, त्यावर ४० टक्के चढवून ७०० छापले, तर दुकानदार ७०० चे ४० टक्के कापून ४२० देईल. स्लिमलाइनचा खर्चच ४३७ होता! बरोबर रीत भागाकाराची: ५०० भागिले ०.६, म्हणजे ८३३. ऑनलाइन विक्रीचे कमिशन, पेमेंटचे शुल्क यांनाही हीच रीत.

आता ८३३ ला स्लिमलाइन दुकानात खपेल का? आमच्या मते नाही. बारीक, हलका पेन त्या किमतीला हातात भरत नाही. तो थेट विका आणि दुकानाला जाड अंगाचा, ४५० च्या किटचा पेन द्या. त्याचे सामान घटीसह ५४९, दीड तासाची मजुरी १८०, हत्यारे ३०, बरी डबी ६०, मिळून ८१९. नफ्यासकट ९७० धरले तर दुकानाची किंमत सोळाशेच्या घरात जाते, आणि तो पेन ती पेलतो. दुकानाला ठेवायला दिलेल्या मालाचे पैसे विकल्यावर मिळत असतील, तर ४० टक्के कशाला? दुकानदाराचा पैसा अडकलेलाच नाही. तिथे २५ ते ३० वर बोलणी करा. रोख उचलणाऱ्यालाच ४० द्या.

प्रदर्शनातला गाळाही याच रकान्यात जातो. दोन दिवसांचे भाडे ३,००० आणि येणे-जाणे, खाणे १,१०० असेल, तर ६०० च्या पेनामागे उरणाऱ्या १६३ रुपयांतून ते भरून यायला २६ पेन विकावे लागतात. पंचवीस पेन घेऊन जाणाऱ्याने जाऊच नये.

प्रश्न : एका महाविद्यालयाला निरोप समारंभासाठी नावे कोरलेले १०० पेन हवेत. ‘घाऊक भाव लावा’ म्हणतात. किती उतरावे?
– एक वाचक, अकोला

काय स्वस्त होते ते आधी पाहा. शंभराच्या खरेदीत किट १५० चे १२० ला मिळेल. एकच काम ओळीने केल्याने वेळ पाऊण तास ते पाऊण तास दहा मिनिटांवर येतो. ५५ मिनिटे धरा. लाकूड, डिंक, कागद यांत दमडीचा फरक पडत नाही.

शंभर द्यायचे तर १२५ ठोकळे आणि ११० किट लागतील: जोडणीची घट, आणि वर तीन-चार पेन कोरणीत बिघडतील म्हणून. किट १३,२००, लाकूड १,८७५, किरकोळ ३,७५०, सुट्या नळ्या १२०. म्हणजे १८,९४५, पेनाला १८९. मजुरी ११०, हत्यारे ३०, लेझरने नावाची कोरणी २५, साधी डबी ३५. झाले ३८९. ४३० सांगा, ३८९ च्या खाली एक रुपयाही नको. आगाऊ रक्कम अर्धी नव्हे, साठ टक्के घ्या, कारण सामान, लेझर आणि डब्या मिळून २५,००० तुमच्या खिशातून आधीच जाणार आहेत आणि एकूण बिल ४३,००० चे आहे.

कोरणी सगळ्यांत शेवटी होते, म्हणून तिथे चुकलेले एक अक्षर पूर्ण पेन खाते. नावांची यादी टाइप केलेली आणि महाविद्यालयाने सही केलेली हवी. देवनागरी नावे असतील तर लेझरवाल्याला नुसती फाइल पाठवू नका. त्याच्या संगणकावर तो फाँट नसेल तर जोडाक्षर सुटते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, ‘ऱ्या’चा तर हमखास बट्ट्याबोळ होतो. अक्षरांची रेघांत रूपांतर केलेली पीडीएफ द्या आणि पहिले नाव फुटक्या पेनावर कोरून बघा. जोडणीत तडकलेले पेन टाकून न देण्याचे हे एक कारण.

प्रश्न : परदेशातून मागवलेल्या किटची किंमत काय धरावी? बिलावर ४५० आहे.
– एक वाचक, नागपूर

दारात पडेपर्यंतची. वीस किटचे बिल ९,०००, पाठवणी २,४००, सीमाशुल्क, कर आणि कुरिअरची हाताळणी मिळून समजा ४,१००. झाले १५,५००. त्यातले एखादे सदोष निघते आणि परत पाठवणे परवडत नाही, म्हणून १९ ने भागा: ८१६. त्या मॉडेलची बुशिंग, म्हणजे पेन किती जाड ठेवायचा ते दाखवणारी, लेथवर ठोकळ्याच्या टोकांना लावायची कडी, वेगळी लागतात, त्यांचे ६०० याच १९ पेनांवर टाका. किट ८४८ ला पडले. पुढची खेप डॉलरच्या नव्या भावाने येणार असेल तर भाव त्या खेपेच्या हिशेबाने लावा, जुन्या बिलाच्या नाही. एकाच वेळी पाच मॉडेल मागवू नका. बुशिंगचे पाच संच होतात आणि पैसा ड्रॉवरमध्ये पडून राहतो.

प्रश्न : जीएसटी नोंदणी नाही. किटवर भरलेला कर हिशेबात घ्यायचा का? अमेरिकेतल्या नातेवाइकांना शिसवी पेन विकायचे आहेत, त्याचे काय?
– एक वाचक, ठाणे

नोंदणी नसेल तर खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही. तो सामानाच्या किमतीतच धरा. कंपोझिशन योजनेतही, म्हणजे छोट्या विक्रेत्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या योजनेतही, तसेच. नेहमीची नोंदणी असेल तर तेवढा वजा करून हिशेब मांडा. महाराष्ट्रात नुसत्या मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, पण परराज्यात विकायला लागलात की नियम वेगळे होतात. हस्तकलेच्या वस्तूंना अटींसह सूट आहे. तुमचा पेन त्यात बसतो का, हे सीएला विचारूनच कुरिअर करा.

शिसवाच्या डालबर्जिया गटातली सगळी झाडे, म्हणजे शिसव आणि शिसमही, जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधने घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. थोड्या वजनाच्या तयार वस्तूंना त्यात सवलत आहे. तरी लाकूड कुठून घेतले याची पावती विचारली जाऊ शकते आणि पार्सल अडकले तर त्या पेनाची कमाई कागदपत्रांत जाते. रक्तचंदन तर परदेशी धाडायचा विचारही करू नका, आणि चंदनाचा ठोकळा इथेसुद्धा पावतीशिवाय घेऊ नका. अमेरिकेला सागवान, आंबा किंवा बाभळीचा पेन पाठवा. ही झाडे त्या यादीत नाहीत. आंब्याच्या लाकडात काळ्या रेघांचा तुकडा निवडला तर तो शिसवाइतकाच उठून दिसतो. फक्त तो मऊ असतो: भोक पाडण्याआधी पातळ ग्लू पाजा, आणि त्या ग्लूचे चार-पाच रुपये किरकोळ सामानात चढवा.